तलफ मोजायची कशी? सिगरेट किती 'लागलीय' ते सांगणारे सहा प्रश्न

सिगरेटवरचा कर वाढला अशी बातमी आली की आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर दोन दिवस तोच विषय. कोण म्हणतो आता सोडणारच, कोण म्हणतो ब्रँड बदलतो, कोण म्हणतो एकातच दोघं मारू, आणि ही सगळी चर्चा अर्थातच सिगरेट ओढता ओढताच चाललेली असते. मग एखादा नवीन पोरगा विचारतो, "पण तुम्हाला कितपत लागलीय?" आणि इथे सगळे जण एकच आकडा सांगतात, दिवसाला किती. कोणी पाच, कोणी दहा, कोणी अख्खं पाकीट. जणू व्यसन म्हणजे दुधाचं बिल आहे, जेवढे लिटर घेतले तेवढे पैसे.

तसं नसतं. दिवसाला आठ ओढणारा माणूस पंधरा ओढणाऱ्यापेक्षा जास्त अडकलेला असू शकतो. सिगरेट सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ते बहुतेक वेळा तुमच्यासमोर सहा प्रश्नांचा एक कागद ठेवतील, त्यात "किती" हा प्रश्न आहेच, पण सगळ्यात कामाचा प्रश्न वेगळाच आहे. तो म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगरेट पेटेपर्यंत किती मिनिटं जातात?

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा विचित्र वाटलं होतं, की घड्याळ बघून व्यसन कसं काय कळणार. पण त्यामागचं गणित समजलं की मग विचित्र वाटत नाही, उलट वाटतं की हे आपल्या आधी का लक्षात आलं नाही.

सवय की व्यसन, हा वादच किती वर्षं चालला

आपल्याकडे लोक सहज म्हणतात, "व्यसन नाही हो, सवय आहे." गंमत म्हणजे एकेकाळी मोठमोठे तज्ज्ञही हेच म्हणत होते. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या मोठ्या डॉक्टरचा, सिगरेटवरचा गाजलेला रिपोर्ट आला, त्यात सिगरेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे स्पष्ट सांगितलं होतं, पण ओढण्याला मात्र 'सवय' म्हटलं होतं, व्यसन नाही. तो शब्द बदलायला १९८८ उजाडलं. त्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं की निकोटिन हे व्यसन लावणारं रसायन आहे आणि ते ज्या पद्धतीने पकडतं ती हेरॉईन, कोकेनसारखीच आहे. तरीही १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख तिथल्या संसदीय समितीसमोर शपथ घेऊन ओळीने म्हणाले की आमच्या मते निकोटिनचं व्यसन लागत नाही. सात जण, ओळीने. टीव्हीवर दाखवलं ते.

आता एक जड शब्द एकदाच वापरून घेतो, अवलंबित्व. इंग्रजीतला डिपेंडन्स. म्हणजे ती गोष्ट मिळाली नाही की शरीर आणि मन दोन्ही बिघडतात, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि सोडायचं ठरवून पण माणूस परत तिथेच येतो. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आधीपासून आहे, तलफ. खरं तर तलफ म्हणजे अवलंबित्वाचा एक भागच, पण माझ्या मते ज्याला तलफ हा शब्द कळतो त्याला बाकीचं समजावायची फारशी गरज नाही. तर प्रश्न असा आहे की तलफ मोजायची कशी.

रात्रीचे सोळा आणे, सकाळचा एक आणा

झुरका मारला की धुरातलं निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचायला साधारण दहा ते वीस सेकंद लागतात, म्हणजे एखाद्याला मिस्ड कॉल द्यायला लागतो तेवढाच वेळ. तिथे ते मेंदूतल्या ठराविक जागांवर जाऊन बसतं, डोपामिन नावाचं बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं, आणि मेंदू नोंद करून ठेवतो की हे चांगलं होतं, परत पाहिजे.

या जागा म्हणजे लग्नाच्या पंगतीतली पानं समजा. सुरुवातीला दहा पानं मांडलेली होती, पाहुणे भरपूर यायला लागले, मग यजमानाने आणखी पानं मांडली. निकोटिन रोज येत राहिलं की मेंदूही तशा जागा वाढवत जातो. आणि मग एक दिवस पाहुणे आलेच नाहीत तर? आधी दहा पानं रिकामी राहिली असती, आता चाळीस रिकामी पडून आहेत आणि यजमान सैरभैर. तलफ म्हणजे ही रिकामी पंगत. (चाळीस हा आकडा गमतीचा आहे, मेंदूत पानं कोणी मोजलेली नाहीत, पण जागा वाढतात हे खरं आहे.)

आता घड्याळाकडे येऊ. निकोटिन शरीरात फार टिकत नाही, रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. समजा रात्री अकराला शेवटची ओढून तुम्ही झोपलात आणि त्या वेळी रक्तात सोळा आणे निकोटिन होतं. एक वाजता आठ आणे, तीनला चार, पाचला दोन, आणि सकाळी सातला उठलात तेव्हा हातात एक आणा. दिवसभरात एवढी कंगाल अवस्था कधीच होत नाही कारण जागेपणी आपण मधे मधे भर टाकत असतो. म्हणजे झोप हा सिगरेट ओढणाऱ्याचा रोजचा सक्तीचा उपास असतो, आणि उपास सोडायची घाई किती आहे यावरून भूक किती होती ते कळतं. ज्याला उठल्याउठल्या पाच मिनिटांत लागते त्याचं शरीर ओरडत उठलेलं असतं. ज्याला ऑफिसला पोचल्यावर अकरा वाजता आठवते त्याचं शरीर तेवढं ओरडत नाही, मग भले तो संध्याकाळी मित्रांबरोबर बसून सहा ओढू दे.

सगळ्यांचं निकोटिन एकाच वेगाने संपत नाही, हेही सांगून टाकतो. लिव्हरमधलं एक एन्झाइम ते काम करतं आणि ते कोणाचं जोरात चालतं, कोणाचं हळू, हे बरंचसं आईबापांकडून आलेलं असतं. ज्याचं जोरात चालतं त्याचे आणे लवकर संपतात, मग तो जास्त ओढतो.

आणि "सिगरेटने टेन्शन जातं" त्याचं काय? थोडं जातंच, खोटं कशाला बोला. पण कुठलं टेन्शन ते बघा. सावकार दर दोन तासांनी दारात येऊन बसतो, हप्ता दिला की उठून जातो आणि तो गेल्यावर जी शांतता वाटते तिलाच आपण रिलॅक्स होणं म्हणतो. ज्याने कर्ज घेतलंच नाही तो शेजारी त्या वेळी आरामात पेपर वाचत असतो.

ते सहा प्रश्न

कार्ल फागरस्ट्रॉम नावाचे एक स्वीडिश मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७८ मध्ये एक प्रश्नावली काढली. त्यात आठ प्रश्न होते, त्यातले काही नीट काम करत नव्हते म्हणून १९९१ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर ती छाटून सहा प्रश्नांची केली, आणि तीच आज जगभर फागरस्ट्रॉम टेस्ट म्हणून चालते. आधी नाव 'निकोटिन अवलंबित्वाची चाचणी' असं होतं, २०१२ मध्ये फागरस्ट्रॉम यांनीच म्हटलं की बाबांनो हिला 'सिगरेट अवलंबित्वाची चाचणी' म्हणा, कारण माणूस नुसत्या निकोटिनला चिकटत नाही, तो सिगरेट या अख्ख्या प्रकाराला चिकटतो, हातातली कांडी, चहा, टपरी, पहिला धूर, सगळं.

पहिला प्रश्न वर सांगितला तो. उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली ओढली तर ३ गुण, सहा ते तीस मिनिटांत २, एकतीस ते साठ मिनिटांत १, तासाभरानंतर शून्य. दिवसाला किती, यालाही तसेच गुण आहेत, दहापर्यंत शून्य, अकरा ते वीसला १, एकवीस ते तीसला २ आणि एकतीसच्या पुढे ३. बाकी चार प्रश्न एकेका गुणाचे. बंदी असलेल्या ठिकाणी, म्हणजे थिएटर, हॉस्पिटल, ट्रेन वगैरे, न ओढता राहणं जड जातं का? दिवसातली कुठली सिगरेट सोडणं सगळ्यात जिवावर येईल, सकाळची पहिली की दुसरी कुठलीही? (सकाळची म्हणालात तर १.) उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत बाकीच्या दिवसापेक्षा जास्त ओढता का? आणि शेवटचा, आजारी पडून दिवसभर अंथरुणात असलात तरी ओढता का?

बेरीज शून्य ते दहा. दोनपर्यंत अगदी कमी, तीन-चार कमी, पाच मध्यम, सहा-सात जास्त, आठच्या पुढे फारच जास्त. डॉक्टरांकडे वेळ नसेल तर पहिला आणि "किती" हे दोनच प्रश्न विचारून शून्य ते सहा असा झटपट आकडा काढतात, तेवढ्यानेही बरंच कळतं.

मी भरलेला कागद आणि बायकोने तपासलेला कागद

हा कागद मी पहिल्यांदा भरला तेव्हा मला १ गुण मिळाला होता. एक. मी खूश. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बायकोला दाखवला, ती भाकरी थापत होती, पिठाच्या हाताने कागदाला हात न लावता वाकून वाचला आणि म्हणाली, "पहिलंच उत्तर खोटंय."

मी लिहिलं होतं उठल्यावर चाळीसेक मिनिटांनी. ती म्हणाली, "अरे, गीझर लावतोस ना तू उठून? पाणी तापायच्या आत तू गॅलरीत असतोस. दहा मिनिटंपण नाही." २ गुण. दिवसाला मी आठ-दहा लिहिलं होतं. ती म्हणाली फोन काढ. टपरीवाल्याला आपण आता रोख देत नाही, स्कॅन करतो, मग फोनमध्ये सगळं असतंच की. आदल्या आठवड्याचे त्याच्या नावावरचे व्यवहार मोजले, चहाचे वगळले, भाग दिला तर रोजच्या तेरा निघाल्या, आणि त्यात मित्रांकडून फुकट मारलेल्या धरलेल्याच नव्हत्या. आणखी १. मग नागपूरच्या ट्रेनमध्ये प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मी 'पाय मोकळे करायला' उतरतो तो १, सकाळची सोडवत नाही तो १, आणि मागच्या पावसाळ्यात ताप १०२ असताना जिन्यात जाऊन ओढली होती तो १. पहिल्या काही तासांत जास्त, हे मात्र तिनेही नाही म्हटलं, माझा जोर संध्याकाळी असतो. एकूण ६.

एकाच माणसाचा एकाच दिवशीचा आकडा १ पण आणि ६ पण. म्हणून माझं तरी ठाम मत झालंय की ही टेस्ट एकट्याने भरू नये. आपण मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, आपल्याला खरंच वाटत असतं की आपण दहाच ओढतो. पाकीट घेणाऱ्याला निदान पाकीट संपलेलं दिसतं, सुटी घेणाऱ्याला काहीच दिसत नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगरेटी-विड्या विकायला बंदी केली, त्या बंदीचं टपरीवर काय झालं ते तुम्हाला माहितीय. तर उधारीची वही किंवा फोनमधली हिस्टरी, यातलं जे असेल ते पुढ्यात घेऊन बसा.

"पण आमच्या घरात वडीलधारे आहेत, सकाळी ओढताच येत नाही"

हा आक्षेप अगदी बरोबर आहे आणि टेस्ट इथे आपल्याकडे खरंच थोडी गंडते. हॉलमध्ये वडील पेपर वाचत बसलेत, आई देवपूजा करतेय, त्या घरात सातला उठलेला मुलगा साडेनऊला बाहेर पडेपर्यंत ओढणारच नाही. कागदावर त्याला शून्य मिळेल. सिगरेट ओढणाऱ्या मुलींचं तर आणखी अवघड, त्यांना ऑफिसची गच्चीच. पण हाच मुलगा साडेनऊला सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकून कोपऱ्यावर पोचायच्या आधी पेटवत असेल तर तो शून्यवाला नाही. असल्या वेळी मी प्रश्न जरा बदलून विचारतो, घरात कोणीच नसतं तेव्हा, ट्रिपला गेल्यावर, हॉटेलच्या खोलीत उठल्यावर किती मिनिटांत लागते? हे माझं घरगुती जुगाड आहे, अधिकृत टेस्टमध्ये नाही.

नाइट शिफ्टवाल्यांचाही घोळ होतो. त्यांनी सकाळ धरायची नाही, झोपून उठल्याची वेळ धरायची, मग ती दुपारी तीन का असेना.

"मी फक्त दोनच ओढतो, तेही शनिवारी"

अशी माणसं खरंच असतात, आणि अभ्यासकांनी त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष दिलंय. दिवसाला पाचच्या आत, वर्षानुवर्षं, आणि नाही मिळाली तर फारसा त्रास नाही. यांचा टेस्टमध्ये शून्य येतो आणि तो खोटाही नसतो. पण इथे एक मोठी गल्लत होते, लोकांना वाटतं गुण कमी म्हणजे धोका कमी. ही टेस्ट तुम्ही किती अडकलात ते सांगते, तुमचं किती नुकसान होतंय ते नाही. २०१८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की रोज एक सिगरेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो रोज वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास ४० ते ५० टक्के भरतो. विसावा हिस्सा नाही, जवळजवळ निम्मा. म्हणजे वीसवरून एकवर आलेला माणूस पाठ थोपटून घेतो आणि हृदयाला मात्र निम्मीच सूट मिळालेली असते.

पोरांच्या बाबतीत तर हा कागद उपयोगाचाच नाही, कॉलेजातला मुलगा कुठे एकतीस ओढणार. त्यांच्यासाठी अमेरिकेत २००२ मध्ये दहा प्रश्नांची वेगळी यादी बनवली, त्यात किती ओढतोस हा प्रश्नच नाही. कधी सोडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही असं झालं का, आपण अडकलोय असं कधी वाटलं का, न ओढल्यामुळे लक्ष लागलं नाही असं झालं का, असे साधे हो-नाहीचे प्रश्न. एकाही प्रश्नाला हो आलं तरी समजायचं की लगाम थोडा सुटलाय.

"मी लाइट ओढतो"

लाइट सिगरेटच्या फिल्टरवर बारीक बारीक भोकं असतात, त्यातून हवा आत येऊन धूर पातळ होतो. कंपनीच्या मोजणी मशीनला बोटं नसतात, म्हणून मशीनमध्ये आकडा कमी येतो. माणसाची बोटं आणि ओठ नेमके त्या भोकांवर येतात, आणि वरून तो झुरके खोल मारतो, जास्त वेळा मारतो, कारण शरीराला सोळा आणे हवेच असतात, ते तो कसेही वसूल करतो. एका सिगरेटच्या तंबाखूत साधारण दहा-बारा मिलिग्रॅम निकोटिन असतं आणि ओढणाऱ्याच्या अंगात त्यातलं एक-दीड मिलिग्रॅम जातं, म्हणजे वसुलीला भरपूर वाव आहे. म्हणूनच "किती ओढता" हा आकडा एकटा फसवा ठरतो. महाग झाल्यावर संख्या कमी करणाऱ्यांचंही हेच होतं, कांड्या कमी आणि प्रत्येक कांडी फिल्टरपर्यंत.

"सिगरेटशिवाय पोटच साफ होत नाही"

हसू नका, आपल्याकडे सकाळची पहिली सिगरेट न सुटण्याचं हे सगळ्यात प्रामाणिक कारण आहे. आणि त्यात तथ्यही आहे, निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि सिगरेट सोडल्यावर काही जणांना काही आठवडे बद्धकोष्ठता होते हे डॉक्टरांना माहीत असलेलं लक्षण आहे. पण याचा अर्थ आतडं बिघडलंय असा नाही, त्याला घंटा वाजल्याशिवाय उठायचं नाही अशी सवय लागलीय. भरपूर पाणी, भाज्या-फळं, थोडं चालणं, नाहीच तर काही दिवस इसबगोल, आणि आतडं आपलं आपण उठायला शिकतं. टेस्टच्या भाषेत मात्र हे कारण सांगणारा माणूस पहिल्या प्रश्नाला २ किंवा ३ आणि "कुठली सोडवत नाही" याला १ घेऊन बसलेला असतो, म्हणजे सुरुवातच तीन-चारपासून.

प्रश्न कशाला, मशीनने मोजा ना

मोजतात. एक छोटं यंत्र असतं, श्वास पंधरा सेकंद धरून मग नळीतून हळूहळू सोडायचा, आणि स्क्रीनवर आकडा येतो. तो कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातून येणाऱ्या विषारी वायूचा. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण सहाच्या खाली असतो, नेमाने ओढणाऱ्याचा दहा, वीस किंवा आणखी वर. हा वायू शरीरातून लवकर जातो, त्यामुळे सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आकडा खाली आलेला दिसतो आणि माणसाला हुरूप येतो, मला वाटतं यंत्राचा खरा उपयोग तोच. दुसरी टेस्ट लघवीची किंवा थुंकीची, तीत कोटिनिन बघतात, म्हणजे निकोटिन तुटून उरलेला पदार्थ, तो दोन-तीन दिवस मागचंही सांगतो.

पण यंत्राला धूर कळतो, ओढ कळत नाही. तापात जिना उतरलेला ते कसं सांगणार.

विडी, मिसरी आणि गालातला बार

इथे एक कबुली द्यायला हवी. सिगरेटवर एवढं लिहितोय, पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात मोठ्या माणसांपैकी सिगरेट-विडी वगैरे ओढणारे होते फक्त ३.८ टक्के, आणि तंबाखू, मिसरी, गुटखा असं तोंडात घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचं खरं दुखणं चुन्याच्या डबीत आहे. या लोकांसाठी हीच टेस्ट थोडी बदलून वापरतात. उठल्यावर पहिला बार किती वेळाने भरता हा प्रश्न तसाच राहतो, सिगरेटींच्या संख्येऐवजी आठवड्याला किती डब्या-पुड्या असा हिशोब येतो, आणि एक नवीनच प्रश्न येतो, तंबाखूचा रस मुद्दाम गिळता का. गिळणारा जास्त अडकलेला, असा त्यामागचा विचार. श्वासाचं यंत्र इथे बिनकामाचं, कारण धूरच नाही.

मिसरीचं तर आणखीनच, ती दात घासायलाच घेतात, मग उठल्यावर पाच मिनिटांत हे उत्तर जवळपास ठरलेलंच. ते व्यसन समजायचं की दंतमंजन, हे लावणाऱ्या आजीलाही विचारून कळत नाही. त्यामुळे तिथे मी एकाच प्रश्नावर भिस्त ठेवतो, दिवसातून दात किती वेळा घासता? चार वेळा घासणारी आजी दातांसाठी घासत नसते.

आकडा आला, आता त्याचं करायचं काय

आकडा कोणाला नावं ठेवायला नाही, औषध ठरवायला असतो. तीनच्या आत आहात तर शरीराची पकड सैल आहे आणि मुख्य भांडण प्रसंगांशी आहे, जेवणानंतरची फेरी, टपरीवरचा ग्रुप, दारूबरोबरची. तिथे वेळा आणि जागा बदलून पुष्कळ साधतं. पाच-सहाच्या पुढे असाल तर नुसत्या मनोबलावर जाणं म्हणजे रिकाम्या पंगतीसमोर भाषण करणं, तिथे काहीतरी वाढावं लागतं. निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच, म्हणजे धूर वगळून थोडं निकोटिन द्यायचं आणि ते हळूहळू कमी करत न्यायचं, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑनसारख्या गोळ्या. च्युइंगमची ताकदही घड्याळावरच ठरते, उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचं, नंतर ओढणाऱ्याला २ चं. आपल्याकडे २ चं मेडिकलवर असंच मिळतं, ४ ला चिठ्ठी लागते. हार्टचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर काहीही घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलाच. पाकिटावर १८००-११-२३५६ हा जो नंबर छापलेला असतो तो सरकारी हेल्पलाइनचा आहे, फोन फुकट आहे.

सोडल्यावर सगळ्यात वाईट पहिला आठवडा, त्यातले दुसरा-तिसरा दिवस खास, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, ती टळली की टळली.

माझे ६ होते आणि पहिली दहा मिनिटांत, म्हणजे चिठ्ठी आणि ४ चं च्युइंगम. ते कसं खायचं हे पाकिटात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते मी अर्थातच वाचलं नाही. हळू हळू चावायचं, तिखट झिणझिणी आली की थांबून गालात दाबून ठेवायचं, झिणझिणी गेली की परत, असं अर्धा तास, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको कारण मग निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. मी पहिलं च्युइंगम गीझर लावून गॅलरीत उभा राहून, चहाचा कप हातात घेऊन, लहानपणी फुगे काढायला चावायचो तसं कराकरा चावलं. तलफ काही गेली नाही, वर वीस मिनिटं उचक्या लागल्या. आतून बायको ओरडली, "कोण आठवण काढतंय रे एवढी?"